कव्हराखालचा रंग

मास्तर साहेबांना ओळखत होते, असं म्हणणं जरा जास्तच होईल. चाळीसेक वर्षं दोघं एकाच रस्त्यावर राहिले, अधूनमधून भेटत राहिले. पण साहेबांना भावंडं होती का, त्यांना कुठलं गाणं आवडायचं, रागावले की ते काय करायचे, यातलं मास्तरांना काहीही सांगता येणार नाही. सांगता येईल ते एवढंच, की त्यांच्या फ्रिजची उंची किती होती, मिक्सरचा घेर किती होता आणि जुना टीव्ही पाठीमागे कुठून कुठवर फुगीर होता. कारण मास्तर कव्हरं शिवायचे, आणि साहेबांच्या घरात मास्तरांनी कव्हर शिवलं नाही अशी वस्तू नव्हती.

एवढ्या माहितीवर एखाद्या माणसाविषयी काही लिहावं का, हा प्रश्नच आहे. पण दुसरं कुणी लिहील असंही दिसत नाही.

मास्तरांचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं लागायचं, म्हणून मास्तर सहसा उभे राहतच नसत. एक शिलाई मशीन, कापड बेतायची एक फळी, भिंतीला टेकवलेली प्लॅस्टिकची आणि रेक्झिनची भेंडोळी, आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. मागे एक खोली होती. तिथे ते एकटेच राहायचे. लग्न जमता जमता राहिलं, आणि पुढे कुणी विषय काढला नाही. लोकांच्या वस्तू झाकण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतःच्या खोलीत झाकावं असं काही नव्हतं.

साहेब पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांना कुणी साहेब म्हणत नव्हतं. पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत नुकता लागलेला, काडीसारखा बारीक, कडक इस्त्रीच्या शर्टातला तरुण होता तो.

"फ्रिजला कव्हर शिवता का?"

"शिवतो की. माप आणलंय?"

"तुम्हीच येऊन घ्या, मास्तर. माझ्या हातून चुकेल."

मास्तर टेप घेऊन मागोमाग गेले. दोन खोल्यांचं घर होतं. स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून फ्रिज बाहेरच्या खोलीत, अगदी दारासमोर उभा केला होता. अजून वायरही जोडलेली नव्हती. तरुणाने फ्रिजवर हात ठेवला आणि म्हणाला, "बघा."

एवढंच. पण तो शब्द त्याने असा उच्चारला, की मास्तरांना काहीतरी बोलणं भागच पडलं.

"छान आहे."

"ओरखडा पडता कामा नये. दहा वर्षांनी कुणी आलं तरी त्याने विचारलं पाहिजे, कालच आणलात का म्हणून."

आतून नवी नवरी म्हणाली, "आणि आत काय ठेवायचं, ते ठरलं का? सध्या पाण्याच्या दोन बाटल्या आहेत. त्यांनाच थंडी वाजेल."

त्यानंतर एकेक वस्तू येत गेली. टीव्ही, मिक्सर, कपाटाएवढं वॉशिंग मशीन, स्कूटर, मग स्कूटरच्या जागी गाडी. साहेबांना बढती मिळाली, की ती मास्तरांना टेपवर कळायची. मास्तर माप घ्यायला गेले, की साहेब वस्तूवर हात ठेवून म्हणायचे, "बघा." मास्तर म्हणायचे, "छान आहे." चहा यायचा. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना कव्हरं चढली, त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता या घरात बिनकव्हराची मीच तेवढी राहिले. मास्तर, माझंही माप घेऊन टाका."

मास्तरांच्या हातातून टेप पडली. कानाच्या पाळ्या तापल्या. साहेब मात्र खो खो हसले.

मग मास्तरांच्या दुकानाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट झाला. त्यात हॉल होता आणि हॉलला शोभेल असा सोफा हवा होता. साहेबांनी तो कुणालाही न विचारता स्वतः निवडून आणला. तीन माणसांचा एक लांब आणि एकेकट्याचे दोन. या खेपेला त्यांनी मास्तरांना एक वेगळीच गोष्ट सांगितली.

"चेन नको, मास्तर. चेन असली की उघडायचा मोह होतो. ही उघडेल, मुलगा उघडेल, कामवाली उघडेल. जागेवरच पक्कं शिवून टाका."

असं काम मास्तरांनी कधी केलं नव्हतं. पण गिऱ्हाइकाचं ऐकायचं ही त्यांची रीत. ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक घेऊन गेले, जमिनीवर बसले आणि दाभणाने टाका टाका घालत सोफा चहूबाजूंनी बंद केला. संध्याकाळ झाली तेव्हा बोटं सुजली होती. शेवटची गाठ मारून ते म्हणाले, "आता मुंगीसुद्धा शिरायची नाही."

साहेबांनी सोफ्याभोवती एक फेरी मारली. दोघंही आपापल्या जागी खूश होते. आतल्या मालालाही हवा लागते, हे त्या दिवशी दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे बरीच वर्षं तो सोफा त्या रस्त्यावर प्रसिद्ध होता. बसलं की प्लॅस्टिक चुरचुरायचं, उठलं की चर्रकन सोडायचं, आणि बेसावध माणूस हळूहळू घसरत पुढे यायचा. साहेबांच्या कचेरीतले लोक खाली उतरल्यावर मास्तरांच्या दुकानासमोर सिगारेट ओढत बोलायचे. "पाय रोवून बसायचं, नाहीतर साहेबांच्या पायाशीच पोचतो आपण." "बढती हवी असेल तर तेच बरं की." पण वर असताना तेच लोक विचारायचे, "कालच आणलात का, साहेब?" आणि साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. घरातली माणसं मात्र त्यावर फारशी बसत नसत. मुलाने अभ्यास जमिनीवर केला. बाईंचं स्वयंपाकघरातलं स्टूल बाईंचंच राहिलं.

बाई आजारी पडल्या, तेव्हा साहेबांनी दुकानात येऊन रेक्झिनचं कव्हर मागितलं. गादीसाठी. आजाऱ्याच्या गादीला घालतात तसलं. मास्तरांनी ते शिवलं आणि स्वतः नेऊन दिलं. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी मान वळवली.

"आलं का माझं कव्हर? वेळ लावलात, मास्तर."

मास्तरांना हसायचं होतं, पण ते जमलं नाही. ते चहा न घेताच जिना उतरले. बाईंना त्यांनी पाहिलं ते शेवटचंच.

त्यानंतर साहेबांच्या घरी नवी वस्तू आली नाही. साहेब निवृत्त झाले. मुलगा लांबच्या एका मोठ्या शहरात नोकरीला होता, तिथेच त्याने संसार मांडला. साहेब संध्याकाळी फिरायला निघायचे, ते आता जिन्याखाली वाकून बघायचे, आणि हळूहळू स्टुलावर बसू लागले. बोलणं फारसं नसायचं. मास्तरांनाही काम उरलं नव्हतं. आजकाल कव्हर कोण शिवतं? कव्हर फाटायच्या आधी लोक वस्तूच बदलतात. एक म्हातारा मशीनवर उगाच तेल सोडायचा आणि दुसरा रस्त्याकडे बघत बसायचा.

एकदा साहेब आपणहून म्हणाले, "मुलाच्या घरी सगळं सामान भाड्याचं आहे."

"घर भाड्याचं असतंच, साहेब. मोठं शहर आहे."

"घर नव्हे हो. सामान. पलंग भाड्याचा, फ्रिज भाड्याचा. सोफासुद्धा. महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे, कंटाळा आला की परत. मी म्हटलं, अरे, पगार चांगला आहे तुझा, स्वतःचं काहीतरी घे. तर म्हणतो, बाबा, निघायचं म्हटलं की निघता आलं पाहिजे. वस्तू असल्या की माणूस अडकतो."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, माझ्याकडचं ने. सगळं नवंच्या नवं आहे. तर हसला. चांगल्या मनाने हसला, पण हसला." "मास्तर, ते सगळं मी त्याच्यासाठीच जपलं, असं मला वाटायचं. खरं खोटं आता मलाच कळत नाही."

मास्तरांनी मशीनचं चाक उगाच एकदा फिरवलं.

मुलगा वर्षा-दोन वर्षांनी यायचा, पण उतरायचा हॉटेलात. मुलगी लहान आहे, तुमची धावपळ नको, असं म्हणायचा. दिवसभर बापाकडे बसून झोपायला हॉटेलात जायचा. साहेबांनी त्यात काही वावगं मानलं नव्हतं. पण एकदा मुलगा येऊन गेल्यावर ते दुसऱ्याच दिवशी दुकानात आले, ते स्टुलावर बसलेच नाहीत. वाकून उभे राहिले.

"मास्तर, उसवायचं काम करता का?"

"काय उसवायचंय?"

"सोफा."

मास्तरांनी तेलाची बाटली खाली ठेवली.

"नात आली होती," साहेब म्हणाले. "पाच वर्षांची आहे. हॉलमध्ये मधोमध उभी होती. हात असे." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधले. "मी म्हटलं, अशी का उभी आहेस? बस की. तर म्हणते, मी हात लावत नाहीये, आजोबा. बघा, हात मागे आहेत. दिवसभर पोरगी माझ्या घरात हात मागे बांधून फिरली. मी ओरडलो नव्हतो हो तिला. मागच्या खेपेला एकदाच म्हटलं होतं, बाळा, हात. एवढंच. तिने ते लक्षात ठेवलं." मग पुन्हा हात पाठीमागे बांधून म्हणाले, "पुढल्या खेपेला तिने असं उभं राहता कामा नये. बाकी मला काही नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर ब्लेड घेऊन वर गेले. स्वतःचेच टाके होते. एकेक कापताना त्यांना जरा अवघडल्यासारखं होत होतं. प्लॅस्टिक पिवळं पडून ताठ झालं होतं. आतला रंग बाहेरून मळकट तपकिरी दिसायचा.

"मूळ रंग कसला होता, साहेब?"

साहेब उसवलेल्या टाक्यांकडे बघत म्हणाले, "हिनेही हेच विचारलं होतं. शेवटी शेवटी. तिला हॉलमध्ये बसायचं होतं, म्हणून मी धरून आणलं. घामाने प्लॅस्टिक चिकटायला लागलं, तेव्हा वर चादर घातली. मग म्हणाली, याच्याखाली रंग कसला आहे हो? मी विसरले. मलाही आठवेना. म्हटलं, बरी झालीस की उघडू." ते खिडकीकडे वळले. "चेन असती तर तेव्हाच उघडला असता."

शेवटचा टाका तुटला आणि मास्तरांनी प्लॅस्टिक मागे ओढलं. खाली लख्ख मोरपंखी कापड होतं. इतकं कोरं, की खोलीतल्या बाकीच्या सगळ्या वस्तू एकदम जुन्या दिसायला लागल्या.

"बसा, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेबांनी आधी हात पुसले. मग जपून बसले. आणि कर्रर्र आवाज होऊन ते थेट खालच्या फळीवर गेले. गुडघे छातीशी आले. सोफ्याच्या खालच्या शिवणीतून पिवळा भुगा भुरभुर जमिनीवर सांडू लागला.

"मास्तर, आत काय होतं?"

"फोम होता."

"होता म्हणजे?"

मास्तरांनी भुगा चिमटीत घेतला. तो बोटांवर चिकटला. "विरलाय, साहेब. हवा न मिळून आतल्या आत गेला असेल."

साहेब तसेच खाली बसून राहिले. उठायला हात द्यावा, म्हणून मास्तर पुढे झाले, पण साहेबांनी मान हलवली. त्यांना उठायचंच नव्हतं बहुतेक. एका वस्तूने इतकी वर्षं नवं दिसून त्यांना फसवलं होतं, आणि राग धरायचा तरी कुणावर? बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कालच आणलात का, म्हणायचे लोक." आणि हसले. ते हसणं ऐकून मास्तरांना वाटलं, रडले असते तर बरं झालं असतं.

मास्तरांनी सोफ्यात नवा फोम भरला. कापड मात्र साहेबांनी तेच ठेवायला लावलं. मग हळूहळू घरातली बाकीची कव्हरंही उतरली. सुरुवातीला साहेबांचा हात राहायचा नाही, दिसेल तिथे फडकं फिरवायचे. "उघड्यावर सगळं परक्याच्या घरातलं वाटतं, मास्तर," असं स्टुलावर बसून सांगायचे. रोज थोडा वेळ सोफ्यावर बसायची त्यांनी सवय लावून घेतली. एकट्याने. समोर कुणी नाही, शेजारी कुणी नाही. "मऊ आहे," असंही एकदा म्हणाले. "तिला आवडला असता."

पुढच्या सुट्टीत मुलगा आला आणि साहेबांनी फार आग्रह केला म्हणून दोन रात्री घरीच राहिला. ते लोक गेल्यावर साहेब जिन्याखाली वाकले. चेहरा असा, की मास्तरांना तो फ्रिजचा दिवस आठवला.

"वर चला. एक गोष्ट दाखवायचीय."

मास्तर वर गेले. साहेबांनी सोफ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघा."

मोरपंखी कापडावर जांभळ्या स्केचपेनने काहीतरी काढलं होतं. चार रेघा खाली, एक वर, बाजूला दोन गोळे.

"गाय आहे का?"

"कुत्रा आहे. नातीने सांगितलं मला."

"डाग निघायचा नाही हा, साहेब. शाई आत मुरली."

"काढायचा कुणाला आहे?" साहेब म्हणाले. "पहिला सगळा दिवस हात मागेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पिताना झोपलो की काय कोण जाणे, डोळे उघडले तर ही सोफ्यावर उभी आणि पेन हातात. मला बघितल्यावर पेन लपवलं. मी म्हटलं, शेपूट राहिलं बघ. मग शेपूट काढलं." त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, पण पुसल्यासारखं नाही.

"छान आहे," मास्तर म्हणाले. या वेळी ते मनापासून म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी साहेब मुलाकडे गेले. थोडे दिवस राहतो, म्हणाले होते. थोड्याचे बरेच झाले. घराची किल्ली मास्तरांकडे होती, पण न बोलावता कुणाच्या घरात जाणं मास्तरांना आयुष्यात जमलं नव्हतं. किल्ली खिळ्याला लटकत राहिली. संध्याकाळी ते स्टूल बाहेर काढून ठेवायचे आणि दुकान बंद करताना आत घ्यायचे.

मग एके दिवशी मुलगाच दुकानात आला. तो बापासारखाच वाकून उभा राहिला.

"बाबा गेले, मास्तरकाका. मागच्या महिन्यात. झोपेतच."

मास्तरांचा पाय मशीनच्या पायट्यावर होता तो तिथेच राहिला. "बसा," ते म्हणाले.

मुलगा स्टुलावर बसला. "तुमचं नाव निघायचं घरात. काहीही विचारलं की म्हणायचे, मास्तरांना विचारून सांगतो."

"काय विचारायचं होतं?"

"काही नाही. चादर कुठली घालायची, असलं."

"तिकडे रमले होते का?"

"आमच्या त्या भाड्याच्या सोफ्यावर दिवस दिवस बसायचे. पाय वर घेऊन." मुलगा जरासा हसला. "लहानपणी मी पाय वर घेतले असते तर?"

मास्तरांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि दोघं वर गेले. दार उघडलं तर हॉलमधला पंखा फिरत होता. साहेब मुलाकडे निघाले त्या दिवसापासून तो तसाच फिरत असावा. बिल मुलगा तिकडून भरायचा. त्याला वाटायचं, फ्रिज चालू ठेवला असेल. रिकाम्या घरात, उघड्या सामानावर, कुणीही नसताना, इतके महिने वारा चालला होता.

मुलाने बटण बंद केलं. पाती हळूहळू थांबली.

घर विकायचं ठरलंच होतं. फ्रिज, टीव्ही, खुर्च्या, जे ज्याने मागितलं ते मुलाने देऊन टाकलं. मास्तरांना म्हणाला, "तुम्हाला काही हवं असेल तर न्या, काका." मास्तरांनी नको म्हटलं. त्यांच्या खोलीत जागा नव्हती, आणि काय मागावं हेही सुचलं नाही. मुलगा सोफ्यापाशी मात्र बराच वेळ घुटमळला.

"हा कुत्रा निघेल का?"

"डाग? नाही निघणार."

"तसं नाही. कापडासकट. एवढा तुकडा बॅगेत मावेल माझ्या."

मास्तर खाली जाऊन ब्लेड घेऊन आले. पाठीची शिवण उसवून त्यांनी कुत्र्याचा तुकडा काढला आणि सुतं निघू नयेत म्हणून कडा मशीनवर दुमडून दिल्या. राहिलेला सोफा समोरच्या इमारतीच्या वॉचमनने नेला. तो आता त्याच्या केबिनबाहेर असतो आणि जाता-येता कुणीही त्यावर टेकतं. मास्तर अजून बसलेले नाहीत. पण दुकानातून तो दिसतो.

तो दिसला, की कधी कधी त्यांना साहेब निघाले तो दिवस आठवतो. सकाळची वेळ होती. गाडी रस्त्यावर थांबली होती. साहेबांच्या हातात एकच बॅग होती. ते वाकले आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

"ठेवा तुमच्याकडे."

"धूळ बसेल, साहेब. सोफ्यावर जुनी चादर टाकून येऊ का?"

"बसू दे. आल्यावर झटकू."

"बरं. गॅस बघितलात?"

"बघितला."

"आणि पंखा बंद केलात ना?"

"केला, केला. येतो, मास्तर."